आवाळूच्या वाडग्याचा सांधा दर उन्हाळ्यात का उघडतो?

आंब्याच्या आवाळूचा, म्हणजे झाडाच्या अंगावर फुगून येणाऱ्या गाठीचा, फिकट पिवळा वाडगा आणि त्याच्या काठावर शिसवीच्या मुळाचं काळपट जांभळं कडं. श्रावणात लेथवर कातला, पॉलिश केला, तेव्हा सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकत नव्हतं. चैत्र सरता सरता त्याच सांध्यात पोस्टकार्डाची कड शिरेल एवढी फट पडली. माझ्याकडं हे ओळीनं चार उन्हाळे झालं आणि चारही वेळा मी गोंदाला दोष दिला. पांढरा गोंद सोडून एपॉक्सी आणलं, मग त्याहून महाग एपॉक्सी, मग क्लॅम्प दोन दिवस जास्त ठेवून पाहिले. फट काही चुकली नाही.

वाईत माझी कातकामाची छोटी शेड आहे. गोंद निर्दोष होता हे कळायला माझी चार वर्षं गेली, ती दुसऱ्या कुणाची जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात जो कुणी दोन रंगांची लाकडं जोडून कातीव भांडी करतो, त्याच्यापुढं ही तक्रार कधी ना कधी येतेच.

फुटलेला सांधा आधी वाचा

फट दिसली की लगेच तिच्यात गोंद ओतू नका. सांधा पूर्ण सुटत असेल तर सोडवा आणि दोन्ही तोंडं उजेडात तिरपी धरून बघा.

एका तोंडावर गोंदाचा चकचकीत थर आणि समोरच्या तोंडावर स्वच्छ लाकूड असेल, तर गोंद तिथं धरलाच नव्हता. शिसवीत हे होतं, कारण तिच्यात नैसर्गिक तेलकटपणा असतो. जोडायच्या आधी ताजी कात घ्या, अ‍ॅसिटोननं पुसा, ते उडालं की लगेच जोडा. आदल्या दिवशी घासून ठेवलेलं तोंड दुसऱ्या दिवशी जोडायला घेऊ नका. ही तक्रार एवढ्यावर मिटते.

गोंदाच्या थरावर लाकडाचे तंतू उपटून आले असतील, किंवा फट सांध्यात नसून त्याच्या शेजारून लाकडातच गेली असेल, तर गोंदानं त्याचं काम चोख केलंय. लाकूडच ओढाताणीत फाटलं. चौथ्या वर्षी मला हेच दिसलं, आधीच्या तीन वर्षांचे वाडगे मी सोडवून पाहिलेच नव्हते.

आणखी एक खूण आहे आणि ती मला सगळ्यात बोलकी वाटते. वाडगा टेबलावर ठेवून वरून बघा. फटी काठाला समोरासमोर, जोडीनं आल्या असतील तर कडं आणि वाडगा वेगवेगळ्या दिशेनं आकसले आहेत. उंबऱ्याएवढं जुनं, वाळलेलं लाकूड असलं तरी ही खूण खोटी पडत नाही.

एकाच आवाळूचे तीन वाडगे

चौथ्या वर्षी एका मोठ्या आवाळूतून तीन वाडगे निघाले. तिन्हींना एकाच मुळाची कडी, एकाच दिवशी, एकाच डब्यातल्या गोंदानं लावली. एक पाचगणीच्या दुकानात ठेवायला दिला, एक घरी राहिला, एक म्हसवडच्या आत्याला दिवाळीत दिला. मे महिन्यात पाचगणीच्या वाडग्याला केसाएवढी रेघ होती. घरच्याला नेहमीची फट. आत्याच्या वाडग्याचं कडं मात्र एका अंगानं सुटून वर आलं होतं. आत्यानं बिचारीनं त्यात पाणी पडू दिलं नव्हतं की उन्हात ठेवला नव्हता. फोनवर ती मलाच विचारत होती, माझ्या हातून काही चुकलं का रे.

आत्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो आणि म्हसवडच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. वाईसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला एका वर्षात दोन्ही हवा भोगायला मिळतात. आषाढात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर, आणि एप्रिलच्या दुपारी ती ३० टक्क्यांच्या खाली उतरते. लाकूड ज्या हवेत असतं त्या हवेशी आपली ओल जुळवून घेतं. ८० टक्के आर्द्रतेत ते साधारण १६ टक्के ओलीवर स्थिरावतं, ३० टक्क्यांत ६ ते ७ टक्क्यांवर. म्हणजे श्रावण ते वैशाख या काळात वाडग्याच्या अंगातून ९ टक्क्यांची ओल निघून जाते. पॉलिश हे थोपवत नाही, फक्त सावकाश होऊ देतं.

किती हलतं, कुठं हलतं

ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या कडेनं साधारण ५ ते १० टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडच्या दिशेनं त्याच्या निम्मं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच, ०.१ ते ०.३ टक्के. आकसायला सुरुवात होते ती ओल ३० टक्क्यांच्या खाली आल्यावर. ६ टक्के धरले तर ओल १ टक्का उतरली की लाकूड ०.२ टक्के आकसणार. ९ टक्के ओल गेली तर १.८ टक्के. २०० मिलिमीटरच्या वाडग्याला हे साडेतीन मिलिमीटर होतात. साडेतीन मिलिमीटर हलणाऱ्या लाकडाला कुठलाही गोंद धरून ठेवू शकत नाही, आणि त्यानं धरलं तर लाकूड फाटतं.

आता आवाळूचा स्वभाव बघा. त्यात तंतूंना एक दिशा नसते. डोळे, भोवरे, उलटसुलट वळणं, म्हणून तर ते इतकं देखणं दिसतं. त्यामुळं ते सगळीकडून थोडं थोडं आकसतं. मुळाची जी चकती आपण कड्यासाठी कापतो तिच्यात मात्र तंतू बहुधा एका दिशेनं धावतात. त्या दिशेनं कडं हलत नाही, आडव्या दिशेनं पुरतं आकसतं, म्हणजे गोल कडं लंबगोल होतं. खाली वाडगा गोलातच लहान होतोय आणि वर कडं लंबगोल होतंय. समोरासमोरच्या जोडफटींचं कारण हेच.

मुळाचं लाकूड निवडताना बरेच जण गाभ्याला घाबरतात. खोडाच्या मधोमध मऊ भेंड असतो आणि तो भांड्यात राहिला तर त्यातून सूर्याच्या किरणांसारख्या भेगा निघतात. आंबा, शिसव, बाभूळ यांच्या मुळांत असा भेंड बहुधा नसतोच. पण बुडखा आणि मूळ जिथं मिळतं तिथं कापलेल्या चकतीत खोडाचा भेंड आलेला असू शकतो. तेवढं तपासून घ्या.

ओल मोजल्याशिवाय जोडू नका

आवाळू मिळालं की आधी जाड कातून ठेवा. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढी, म्हणजे २०० मिलिमीटरला २० मिलिमीटर. वाळताना वाडगा वाकडा होईल, होऊ द्या, दुसऱ्या कातीत सरळ करायला तेवढं मांस लागतं. साध्या ओंडक्याला आपण फक्त कापलेल्या तोंडांना मेण किंवा फेविकॉल फासतो. आवाळूत तंतूंची तोंडं सगळीकडंच उघडी असतात, म्हणून आतून-बाहेरून सगळं फासा. मुळाची साल मात्र काढून टाका, भुंगा तिच्याखालीच घर करतो. आषाढात कागदी पिशवीत वाळत ठेवलेल्या आंब्याच्या लाकडाला बुरशी धरते, तेव्हा त्या दोन-तीन महिन्यांत सावलीत मोकळ्या फळीवर, एकमेकांना न टेकता ठेवा.

वाडग्याच्या बुडाला पेन्सिलीनं तारीख आणि वजन लिहायचं, दर रविवारी पुन्हा तोलायचं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. इथं माझी मोठी चूक व्हायची. वजन ओळीनं तीन आठवडे हललं नाही की मी लाकूड वाळलं म्हणायचो. पण ऑगस्टमध्ये वजन थांबलं याचा अर्थ लाकूड ऑगस्टच्या हवेशी जुळलं एवढाच. ते १६ टक्क्यांवर थांबलेलं असतं.

खरी ओल कळायला एकच खात्रीची रीत आहे. कातताना निघालेला ५०-६० ग्रॅमचा तुकडा तोला, घरातल्या ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तासातासानं तोलत राहा. ओलं वजन वजा कोरडं वजन, भागिले कोरडं वजन, गुणिले १००. माझ्या एका तुकड्याचे ६२ ग्रॅमचे ५४ झाले. आठ भागिले चोपन्न, म्हणजे जवळजवळ १५ टक्के. तो वाडगा मी जोडायला घेणार होतो! टोचून मोजायचं मीटर साध्या फळीला ठीक, पण आवाळूत दोन बोटांच्या अंतरावर वेगळे आकडे दाखवतं आणि आतली ओल त्याला कळतच नाही.

आवाळू आणि मूळ दोन्हींचे तुकडे तपासा. दोन्ही १० ते ११ टक्क्यांच्या आसपास आले की जोडा. हा आकडा मी मुद्दाम मधला धरलाय. तिथं जोडलं तर पावसाळ्यात लाकूड पाच टक्के ओल घेईल आणि उन्हाळ्यात चार टक्के टाकेल, म्हणजे सांध्यावर एका बाजूनं येणारा ताण निम्म्यावर आला. वाईच्या हवेत लाकूड आपसूक या आकड्यावर येतं ते कार्तिक-मार्गशीर्षात. पावसाळ्यात घाई असेल तर बंद पडलेला जुना फ्रिज घ्या, खाली-वर दोन भोकं पाडा, आत ६० वॅटचा साधा बल्ब लावा आणि दुसऱ्यांदा कातायच्या आधी वाडगा आणि मूळ दोन्ही आठवडाभर त्यात ठेवा. बल्बजवळ कागद किंवा भुसा राहू देऊ नका.

मिरजेच्या सतारमेकरांकडं तुणीचं लाकूड आणल्या आणल्या कामाला घेत नाहीत, ते राखून ठेवतात. तिथल्या एका वयस्कर कारागीर मामांना मी माझी फट दाखवली होती. त्यांनी गोंदाचं नावही विचारलं नाही. लाकूड कधी कापलं आणि सांधा कुठल्या महिन्यात बसवला, एवढंच विचारलं.

सांध्याची जागा बदला

ओल सांभाळूनही पूर्ण रुंदीचं कडं मला आता पटत नाही. मूळ काठावर लावण्यापेक्षा पायाला लावावं, असं माझं स्पष्ट मत झालंय. पायाला मधोमध ३५-४० मिलिमीटरचा गोल खुंटा काढा, वाडग्याच्या बुडात तेवढंच भोक, आणि गोंद फक्त त्या खुंट्याला. पायाचा बाकीचा पसारा बुडाला नुसता टेकतो, चिकटत नाही. ४० मिलिमीटरवर वर्षाची हालचाल पाऊण मिलिमीटरच्या आत राहते, ती लाकूड आणि गोंद मिळून सोसतात. झाकण आणि झाकणाची बोंडी हीसुद्धा मुळाला शोभणारी जागा आहे. फक्त झाकण पावसाळ्यात बसेल एवढं सैल ठेवा, नाहीतर जुलैमध्ये ते अडकून बसतं आणि माणूस ओढून काठ मोडतो.

कडंच हवं असेल तर ते अरुंद ठेवा, ८ मिलिमीटरच्या आत, आणि वाडग्याची भिंत ५-६ मिलिमीटरपर्यंत पातळ करा. पातळ भिंत वाकते आणि ताण वाटून घेते. सांध्यावर पार्टिंग टूलनं (अरुंद खाच पाडायच्या लेथच्या हत्यारानं) एक मिलिमीटरची बारीक खाच पाडा. लाकडं मागंपुढं सरकली तरी खाचेच्या सावलीत ते दिसत नाही, आणि दोन रंगांमधली ती काळी रेघ डोळ्याला फार छान लागते.

पॉलिश आत, बाहेर, बुडाला आणि खाचेतसुद्धा द्या. एकाच अंगाला दिलं तर दुसरं अंग लवकर ओल घेतं आणि बूड फुगतं. जवसाचं तेल ओल फारशी अडवत नाही, लाखेचे चपडे स्पिरिटमध्ये विरघळवून दिलेले हात त्याहून बरे. तेल वापरलंत तर पुसायची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा.

याच कामातल्या इतर तक्रारी

फिकट आंब्यावर जांभळट डाग. घासताना शिसवीची भुकटी आंब्याच्या छिद्रांत बसते. स्पिरिट किंवा थिनरनं पुसायला गेलात तर रंग आणखी आत उतरतो. घासायच्या आधी चपड्याचा पातळ हात द्या म्हणजे छिद्रं बुजतात, सांध्याजवळ कागदाऐवजी धारदार स्क्रेपर चालवा, आणि भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवा. एन-९५ मास्क लावल्याशिवाय हे करू नका, शिसवीच्या भुकटीनं काहींना अंगावर पित्तासारखं उठतं आणि दम लागतो.

निळे-काळे डाग. बाभळीत किंवा आंब्यात असा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं धरून चाला. लाकडातलं टॅनिन लोखंडाला लागलं की हा रंग धरतो. बांधावरच्या झाडांत खिळे आणि काटेरी तार हमखास निघते. लेथ थांबवा, चुंबक फिरवा, खिळा काढा. उरलेला डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्यानं उतरतो. ते विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्यानं धुवा.

धार सारखी जाणं. मुळाच्या बेचक्यांत मुरूम आणि खडे गुंतलेले असतात, कधी कधी लाकूड त्यांच्याभोवती वाढून खडा पूर्ण आत गेलेला असतो. मी मुळं गाड्या धुवायच्या पंपानं धुऊन घेतो, मग तारेचा ब्रश आणि टोच्या. हा अर्धा दिवस वाया जात नाही.

फणसाचा पिवळा जाणं. यावर उपाय नाही. उजेडानं फणस तपकिरी होतोच. शिसवीशेजारी तो रंग टिकेल या भरवशावर नक्षी ठरवू नका.

कातताना तुकडा उडणं. पोकळ्या आणि आतली साल असलेल्या आवाळूत हा धोका खरा आहे. नेहमीचा हिशेब असा की व्यास इंचांत गुणिले मिनिटाचे फेरे, हे उत्तर ६००० ते ९००० मध्ये राहावं. आठ इंचांना ७५० ते ११००. आवाळू मी ४०० फेऱ्यांवर सुरू करतो, टेलस्टॉक (तुकड्याला समोरून टेकू देणारा लेथचा भाग) शेवटपर्यंत लावून ठेवतो, चेहऱ्यावर पूर्ण शील्ड असते आणि सुरू करताना मी फिरणाऱ्या तुकड्याच्या रेषेतून बाजूला उभा असतो. सुटी साल दिसली की लेथ बंद करून पातळ सुपरग्लू पाजा. आजूबाजूच्या फिकट लाकडाला त्याआधी चपडा लावा, नाहीतर सुपरग्लूचा ओघळ कायमचा दिसतो.

लाकडाबद्दल थोडं. उभ्या झाडाचं आवाळू कापू नका, तिथून पाणी शिरून झाड कुजतं. मला बहुतेक माल वीटभट्टीला निघालेल्या बुडख्यांतून आणि वादळात पडलेल्या झाडांतून मिळतो. आंबा, चिंच, जांभूळ, फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत, स्वतःच्या शेतातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. विकत घेताना एवढं विचारून घ्या.

फुटलेल्या वाडग्याचं काय करायचं

उन्हाळ्यात फट भरू नका. वैशाखात फट सर्वांत रुंद असते. तेव्हा ती एपॉक्सीनं गच्च भरली तर श्रावणात लाकूड फुगून परत यायला बघतं, त्याला जागा नसते, आणि ती भर पाचरीसारखी काम करून दुसरीकडं नवी भेग पाडते. माझा घरचा वाडगा असाच दोनदा फुटला.

वाडगा तसाच ठेवा. कार्तिकात त्याच लाकडाचा उरलेला तुकडा ओव्हनमध्ये तपासा, तो १०-११ टक्क्यांवर आला की सांध्याच्या रेषेवर पार्टिंग टूल लावून कडं कापून काढा. वाडगा वाळून थोडा वाकडा झालेला असेल, काठ पुन्हा गोल करायला भिंत पुरते का ते आधी मोजा. पुरत नसेल तर काठ तसाच वाकडा ठेवा, आवाळूला तो शोभतो.

आत्याचा वाडगा मी तसाच केला. कडं काढलं, त्याच काळ्या लाकडाचा पाया कातला, ३८ मिलिमीटरचा खुंटा आणि सांध्यावर एक मिलिमीटरची खाच. वाडगा पाऊण इंचानं बुटका झाला. त्यानंतरचे दोन्ही उन्हाळे तो म्हसवडलाच आहे, आणि आत्या दर मे महिन्यात सांध्यावरून नख फिरवून मला फोन करते.